चाचणीआधी सही मागणारी पोचपावती: शिलाई वर्गासाठी मशिनी मिळवतानाचा माझा अनुभव

वस्तीत मोफत शिलाई वर्ग सुरू करायचा म्हटलं की जागा कुठून मिळणार आणि शिकवायला कोण येणार, याचीच काळजी सगळे करतात. आम्हाला खोली मिळाली, दुपारचा वेळ देणारे स्वयंसेवक मिळाले, शिकणाऱ्यांची यादी तर खोलीत मावणार नाही एवढी झाली. घोडं अडलं ते एका छापील कागदावर. जुन्या मशिनी जमवून अशा वर्गांना देणाऱ्या एका संस्थेची ती पोचपावती होती. तिच्यावरचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

त्या पोचपावतीत मधोमध एक वाक्य होतं: ‘सर्व मशिनी चालू स्थितीत व सुट्या भागांसह मिळाल्या.’ खाली सही आणि शिक्का. सही झाली की त्यांची फाइल बंद, पुढची सगळी दुरुस्ती वर्गाच्या माथी. म्हटलं, आधी चालवून बघू द्या. उत्तर आलं, पोचपावतीशिवाय गोदामातून माल हलत नाही. मग गोदामातच येऊन बघतो म्हटलं, तर बाहेरच्यांना आत परवानगी नाही. ‘चालू स्थितीत’ एवढे दोन शब्द खोडून सही करते म्हटलं, तर खाडाखोड केलेला फॉर्म चालत नाही, नमुना वरून ठरून आलेला आहे. दर खेपेला हेच चक्र. इकडे नाव नोंदवलेल्या बाया भेटल्या की विचारायच्या, “ताई, मशिनी कधी येणार?” त्यांनी रोजंदारीचे तास मागेपुढे करून दुपारी मोकळ्या करून ठेवल्या होत्या. त्यांना काय सांगणार?

एका वाक्यासाठी एवढं ताणून का धरायचं, असं आमच्यातल्याच काहींनी विचारलं. जुनी मशीन वरून पुसली की झकास दिसते. आतलं तेल सुकून चिकट झालेलं असतं, बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची रीळ, म्हणजे बॉबिन, जिच्यात बसते ती डबी) दुसऱ्याच मशीनची असते, नाहीतर मुळात नसतेच. अशा निम्म्या मशिनी वर्गात आल्या तर स्वयंसेवक दोन तास स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतो आणि बाया बघत बसतात. त्याहून वाईट म्हणजे, जिने आयुष्यात पहिल्यांदा पायडलवर पाय ठेवला तिच्या हाताखाली दोरा सारखा तुटू लागला की ती मशीनला दोष देत नाही. आपल्यालाच जमत नाही असं समजते आणि यायची थांबते. वर्ग ओस पडतात ते बहुतेक यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

शेवटी वाट निघाली ती जोडपत्राने. छापील फॉर्मला हात लावायचा नाही. वेगळ्या कागदावर तक्ता करायचा: अनुक्रमांक, मशीनवर कोरलेला क्रमांक, प्रकार (घरगुती की कारखान्यातली, पायाची की मोटरची), स्थिती (चालू, बंद, तपासलेली नाही) आणि नसलेले भाग. पोचपावतीवर सहीच्या शेजारी लिहायचं, ‘सोबतच्या जोडपत्रास अधीन राहून’. जोडपत्राच्या तळाला एक अट: ‘तपासणी अमुक दिवसांत करून बंद मशिनींची यादी देऊ, त्या बदलून द्याव्यात किंवा परत घ्याव्यात.’ दिवसांचा आकडा आधी तोंडी ठरवून मगच लिहायचा. दोन प्रती, दोन्हींवर दोघांच्या सह्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का. फॉर्ममध्ये खाडाखोड नव्हती, त्यामुळे नाही म्हणायला कारण उरलं नाही आणि मशिनी सुटल्या. हा मार्ग तिथल्या कुणीच आधी सांगितला नाही, आणि खरी चीड त्याचीच आहे.

आता ती तपासणी. सोबत काय न्यायचं: 14 नंबरच्या नव्या सुया, दोन वेगळ्या रंगांचे दोरे, मध्यम जाडीचं सुती कापड, एक मोठा आणि एक अगदी बारीक स्क्रूड्रायव्हर, चिमटा, ब्रश आणि मशीनचं पातळ तेल. खाण्याचं तेल कधीच घालू नका, ते हळूहळू डिंकासारखं घट्ट होतं.

पायाच्या मशीनचा पट्टा आधी काढा. चाक जड चालत असेल तर दोष वरच्या मशीनमध्ये आहे की खालच्या स्टँडमध्ये, हे त्याशिवाय कळत नाही. मग दोरा न ओवता चाक आपल्या बाजूला फिरवा. सगळीकडे सारखंच जड असेल तर सुकलेलं तेल. मशीन मोकळ्या हवेत ठेवायची, जवळ कुठे आग नको, सांध्यांत रॉकेलचे थेंब सोडून चाक फिरवत राहायचं, पुसायचं आणि मग तेल द्यायचं. एकाच जागी अडत असेल तर शटल (बॉबिन केसभोवतीचा फिरणारा भाग) बाहेर काढून बघा, बहुतेकदा दोऱ्याचा जुना गुंता सापडतो. चामड्याचा पट्टा सैल असला तर मशीन बंद धरू नका. थोडा कापून पुन्हा पिन मारली की काम भागतं.

सुईकडे बारकाईने बघा. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो. पाकिटावर एचए×1, 15×1 किंवा 130/705 यांपैकी काही लिहिलेलं असलं तरी सुईची जात तीच. कारखान्यातल्या सरळ टाक्याच्या मशीनला बहुधा गोल दांड्याची डीबी×1 लागते. दोन्हींची लांबी वेगळी आहे, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसवली की हुकाला, म्हणजे सुईखाली दोरा पकडणाऱ्या टोकदार भागाला, दोऱ्याचा फास मिळत नाही आणि टाके सुटतात. सुईची लांब खाच ज्या बाजूला, त्या बाजूने दोरा ओवायचा. चपटी बाजू कुठे येते हे मशीनप्रमाणे बदलतं, म्हणून ते पाठ करून ठेवू नका.

बॉबिनमध्येही फसगत होते. क्लास म्हणजे बॉबिनचा प्रकार: 15 क्लासची बॉबिन दोन्ही बाजूंनी सपाट, 66 क्लासची बाजूंना किंचित फुगीर. व्यास जवळपास सारखाच, त्यामुळे चुकीची बॉबिन आत बसते, फिरतेही, आणि टाका मात्र बिघडवते. शक्य असेल तर मागणी-अर्जातच लिहा की सगळ्या मशिनी 15 क्लासच्या हव्यात. त्यांचे भाग एकमेकींना लागतात आणि एका बंद मशीनवर दोन चालू राहतात.

बॉबिन केस दोऱ्याला धरून लटकवा. आपोआप खाली घसरली तर बारीक स्क्रू थोडासाच आवळा, पाव फेराही पुष्कळ होतो. हलका झटका दिल्यावर दोन-तीन बोटं खाली येऊन थांबली तर ताण ठीक.

मग वर एक रंग, खाली दुसरा रंग, आणि कापड दुहेरी घेऊन वीतभर शिवण. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसले तर दोष वरच्या दोऱ्यात, बहुतेकदा फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली असताना दोरा ओवलेला असतो. फूट वर असतानाच टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या उघडतात, म्हणून ओवताना फूट वरच हवा. वरच्या बाजूला खालचा रंग ठिपक्यांसारखा दिसला तर वरचा ताण जास्त आहे किंवा बॉबिनचा कमी. नवी, योग्य जातीची सुई बसवूनही टाके सुटत असतील तर हुकाचं टायमिंग बघा: सुई अगदी खालून साधारण 2 मिमी वर येते तेव्हा हुकाचं टोक सुईच्या नेढ्याच्या जरासं वर आलं पाहिजे. येत नसेल तर ती सरळ बंद मशिनींच्या यादीत घाला. ते काम मेकॅनिकचं, स्वयंसेवकाने हात घालू नये. कापड पुढे सरकत नसेल तर कापड पुढे ओढणाऱ्या दातांखाली साचलेला धाग्यांच्या भुशाचा थर चिमट्याने काढा. दात सर्वांत वर असताना पट्टीच्या वर साधारण 1 मिमी दिसायला हवेत. मोटरच्या मशीनची वायर सोललेली असेल तर प्लग लावूच नका.

मशिनी आल्यावरचं बाकीचं सुरळीत पार पडलं, त्यावर फार लिहीत नाही. पहिले तास दोरा न ओवता कागदावर चालवायला द्या: सरळ रेघा, मग कोपरे, मग गोल. कोपऱ्यावर सुई खाली ठेवून फूट उचलायचा आणि कागद वळवायचा, हे इथेच हातात बसतं. कागदाने सुई बोथट होते, म्हणून त्यासाठी जुन्या सुया बाजूला ठेवा आणि कापडाला नवी लावा. आकडे वाचता येत नसतील तर टेप लादू नका. पुठ्ठ्याची पट्टी कापून तिला शिलाईच्या दाबाएवढी (शिवणीबाहेर सोडायच्या कापडाएवढी) एक खाच आणि दुमडीएवढी दुसरी खाच पाडली की काम होतं. कापडाच्या कात्रीने कागद कापू देऊ नका, कात्रीला रंगीत चिंधी बांधून ओळख ठेवा.

जोडपत्रातला ‘नसलेले भाग’ हा रकाना आणखी फोडून लिहायला हवा, ते सांगायचं मघाशी राहिलं: शटल, बॉबिन केस, फूट आणि पट्टा प्रत्येक मशीनबरोबर आहेत की नाहीत, ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं वेगवेगळं लिहा. नुसतं ‘सुटे भाग’ लिहिलं तर नंतर वाद होतो.

स्वयंसेवकांना एकच नियम काटेकोर ठेवा: शिकणारी मशीनवर बसली असताना तिच्या हातातलं कापड ओढून घ्यायचं नाही. दाखवायचं असेल तर शेजारच्या मशीनवर दाखवा आणि उसवणं तिचं तिला करू द्या. दोन जणींत एक मशीन चालतं: एक शिवते, दुसरी बॉबिन भरते, आखते, कापते, आणि अर्ध्या तासाने अदलाबदल. तिघींत एक दिली की तिसरी नुसती बसून राहते. आणि वर्ग संपल्यावर मोडक्या सुया मोजून झाकणाच्या डबीत टाका. खोलीत लहान मुलं येतात, जमिनीवर सुईचा तुकडा राहता कामा नये.