आमची वाटचाल : ग्राताल्योप्सच्या काळ्या दगडावरून

स्पेनमधल्या ग्राताल्योप्स या द्राक्षबागांच्या गावाला पहिल्यांदा गेलो तेव्हा डोंगरउतारावरच्या त्या जुन्या वेलींना मांडव नाही, तार नाही आणि ठिबकही नाही हे पाहून, कोणीतरी बाग सोडून दिलेली दिसते, असे मला वाटले. निफाड तालुक्यात वडिलांच्या बागेत वाढलेल्या माणसाचा तो समज होता. प्रत्यक्षात गुडघ्याएवढ्या, पिळवटलेल्या खोडांच्या त्या गार्नाचा आणि कारिन्येना या द्राक्ष जातींच्या वेली पूर्ण जोमात होत्या. एका वेलीवर किलोभर द्राक्षेही धड मिळत नाहीत, आणि तरीही त्यांच्यावर घर चालते, हे तिथल्या शेतकऱ्याने सांगितले. महाराष्ट्रातील द्राक्ष उत्पादकांना स्पेनच्या कातालोनिया प्रांतातील प्रिओरात भागात, जिथे ग्राताल्योप्स आहे, नेणारी आमची छोटी संस्था त्या दिवशी मनात रुजली.

आम्ही पाहुण्यांना सर्वप्रथम जमीन दाखवतो. तिला तिथे लिकोरेल्या म्हणतात. हा काळपट पाटीचा दगड हाताने दाबला तरी पापुद्र्यांसारखा सुटतो, त्यात अभ्रकाचे कण चमकतात, आणि पाण्याच्या शोधात मुळे त्याच्या फटींतून खोलवर उतरतात. आपल्याकडे मुरमाड जमीन म्हणजे काय हे जाणणारी माणसेसुद्धा तो दगड बराच वेळ हातातून खाली ठेवत नाहीत.

या उतारांवर वेली फुलवल्या त्या बाराव्या शतकापासून एस्कालादेई येथील कार्थुसियन या ख्रिस्ती पंथाच्या मठातील साधूंनी. मठाच्या ‘प्रिओर’वरून, म्हणजे प्रमुखावरून, साऱ्या भागाला प्रिओरात हे नाव पडले. १८३५ साली सरकारने मठांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या आणि हा मठ ओस पडला. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुळांवर जगणारी फिलॉक्सेरा कीड येथवर पोहोचली, बागा वाळल्या आणि माणसे शहरांकडे निघून गेली. अमेरिकी वेलीच्या खुंटावर, म्हणजे ही कीड सोसणाऱ्या मुळांच्या बुंध्यावर, कलम करणे हाच तिच्यावरचा उपाय ठरला. आपण ज्या डॉगरिज खुंटावर थॉमसन जातीच्या द्राक्षाचे कलम करतो तोही अमेरिकी वेलीचाच, हे सांगितले की आमच्या पाहुण्यांना तो इतिहास एकदम घरचा वाटू लागतो.

गावाचे दिवस पालटले ते १९८९ मध्ये. रेने बार्बिए, आल्वारो पालासिओस, जुझेप ल्युइस पेरेज, कार्लेस पास्त्राना आणि डाफ्ने ग्लोरियान या पाच वाइन उत्पादकांनी ग्राताल्योप्समध्ये एकत्र वाइन केली आणि ती पाच वेगवेगळ्या नावांनी बाटलीत भरली. आज रियोहा या वाइन प्रदेशाखेरीज स्पेनमध्ये वाइनचे सर्वोच्च दर्जाचे मानांकन केवळ प्रिओरातला आहे. गावाची वस्ती मात्र जेमतेम अडीचशेच्या आसपास आहे.

ही वस्ती लक्षात न घेणे ही आमची पहिली चूक होती. सुरुवातीला मी आणि माझी पत्नी बार्सिलोनाहून मोठी बस भरून सकाळी आणत असू आणि संध्याकाळी परत नेत असू. जवळच्या फालसेत गावाहून येणाऱ्या रस्त्याच्या वळणांनी पाहुणे हैराण होत, गावात बस वळवायला जागा नसे, आणि चार घोट चाखून सगळे निघून गेले की गावाच्या पदरात काहीच पडत नसे. एका सहल कंपनीने वर्षभराचे पैसेही थकवले. २०२० मध्ये सारेच बंद पडले तेव्हा आम्ही हिशेब नव्याने मांडला. आता एका वेळी फक्त आठ जण, मुक्काम गावातच आणि जेवण गावच्याच खानावळीत. नफा कमी झाला आहे, पण त्याचा मला खेद वाटत नाही.

सप्टेंबरमधली तोडणी आपल्या गोडी छाटणीच्या, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी होणाऱ्या छाटणीच्या, आधी येते, म्हणून उत्पादकांना तेव्हाच सवड असते. मागच्या खेपेस पिंपळगावचे एक काका आले होते. आयुष्यभर त्यांनी बिनबियांची थॉमसन पिकवली. तिथल्या शेतकऱ्याने एक मणी फोडून बी तळहातावर ठेवली, तिचा तपकिरी रंग दाखवला आणि दाताखाली फोडायला सांगितली, कारण घड तयार झाला की नाही हे तो त्या बीच्या चवीवरून ठरवतो. काकांनी ती फोडली, मान हलवली, आणि पुढच्या वेलीचा मणी स्वतःच तोडला. त्यानंतर दुपारपर्यंत दोघे ओळीओळीने मणी चाखत हिंडत राहिले आणि दुभाषा म्हणून मला एकदाही हाक आली नाही.