पेंटेकोस्ट ओलांडून आलेला ट्रेलर

पश्चिम ऑस्ट्रेलियातील कनुनुरा येथे मी ज्या वर्कशॉपमध्ये काम करतो, तिथे कोरड्या हंगामात गिब रिव्हर रोडवरून आलेल्या कॅम्पर ट्रेलरची (गाडीमागे ओढायच्या, मुक्कामाची सोय असलेल्या ट्रेलरची) रीघ लागलेली असते. डर्बीकडून येणारा हा सुमारे ६६० किलोमीटरचा रस्ता बराचसा कच्चा असून कनुनुराच्या अलीकडे तो पेंटेकोस्ट नदीच्या पात्रातूनच जातो. पात्रात मगरी असल्यामुळे आधी पायी उतरून खोली पाहण्याची सोय नाही.

त्या दिवशी आलेल्या निवृत्त दांपत्याची तक्रार होती की, ब्रेक दाबला की ट्रेलर डावीकडे ओढतो. नदी ओलांडताना पाणी जेमतेम हबपर्यंत (चाकाच्या मधल्या, बेअरिंग असलेल्या भागापर्यंत) होते आणि त्याआधी ब्रेक उत्तम लागत होते, असे गृहस्थ पुन्हा पुन्हा सांगत होते. पलीकडे गेल्यावर मात्र त्यांनी थेट मुक्काम गाठला आणि ट्रेलर दोन दिवस जागचा हलला नाही.

या ट्रेलरना बहुधा विजेवर चालणारे ड्रम ब्रेक असतात. चुंबक ड्रमच्या आतल्या बाजूला चिकटून ओढला जातो आणि त्याला जोडलेला दांडा शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, बाहेर ढकलतो. एका चुंबकाला सुमारे ३ अँपिअर लागतात, म्हणजे दोन्ही चाकांचे मिळून मीटरवर ६ दिसायला हवेत. मला निम्मेच दिसले. उजव्या चुंबकात दोष नव्हता. ॲक्सलखालच्या वायरचा जोड हिरवा पडून आतून तुटला होता. डाव्या ड्रममध्ये बारीक गाळ दाबून बसला होता आणि उभ्या ट्रेलरमध्ये गंज धरल्याने शू अडकून झटक्याने लागत होते. दोन टनांच्या आतल्या ट्रेलरला इथे एकाच ॲक्सलला ब्रेक असले तरी चालतात, त्यामुळे एक चाक गेले की निम्मे ब्रेक गेले.

खरी काळजीची गोष्ट हब उघडल्यावर दिसली. ग्रीस ताकासारखे पांढुरके झाले होते आणि बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके पडले होते. खडबडीत रस्त्यावर तापलेला हब एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. गाडीच्या स्नॉर्केलवर (इंजिनाला उंचावरून हवा देणाऱ्या नळीवर) हौसेने खर्च करणारी माणसे ट्रेलरच्या हबला हातही लावून पाहत नाहीत, याचे मला नवल वाटते.

बेअरिंग, सील आणि लायनर (शूवरचे घासणारे अस्तर) बदलले, वायरचा जोड ॲक्सलच्या वर घेऊन सोल्डर केला. पाण्यात शिरण्यापूर्वी हब हाताला सोसवेल इतका निवू द्यावा आणि बाहेर आल्यावर रिकाम्या रस्त्यावर, सावकाश वेगात, गाडीत बसवलेल्या ब्रेक कंट्रोलरच्या हातकळीने ट्रेलरचे ब्रेक थोडा थोडा वेळ धरून ड्रम वाळवावेत, हे मी त्यांना मीटर लावूनच करून दाखवले. ते डार्विनला निघाले होते. नवे लायनर बसायला वेळ लागतो, म्हणून वाटेत कॅथरीनला ब्रेक पुन्हा ॲडजस्ट करून घेण्याची सूचना मी बिलावरच लिहून दिली.