पुण्याच्या मे महिन्यासाठी वॉटर-कूल्ड पीसी

सध्या ऑफिसचा लॅपटॉप मिटला की माझं दुसरं ऑफिस सुरू होतं, ते म्हणजे रेडिएटरची जाडी, नळ्या जोडायच्या फिटिंगची संख्या आणि वॅट यांची बेरीज-वजाबाकी. कस्टम वॉटर लूपवाला, म्हणजे पंप, नळ्या, रेडिएटर स्वतः निवडून जोडायचे आणि चिपची उष्णता पाण्याने बाहेर काढायची असा डेस्कटॉप बांधायचा हे नक्की झालंय, पहिलाच आहे, आणि अजून त्यातला एकही पार्ट घरात आलेला नाही. हे मुद्दाम आत्ताच लिहून ठेवतोय, कारण एकदा पीसी उभा राहिला की माणूस फक्त फोटो टाकतो आणि डोकं कशावर खाल्लं होतं ते सगळं विसरून जातो.

आधी एक सांगून टाकतो, गरज म्हणून हे कोणी करू नये. मी घेणारे तो रायझन 7 7800एक्स3डी प्रोसेसर चांगल्या एअर कूलरवर आरामात चालतो. त्याचा टीडीपी (कंपनीने सांगितलेला उष्णतेचा आकडा) कागदावर 120 वॅट असला तरी गेम खेळताना तो सहसा शंभरच्या खालीच असतो, आणि चिप एवढीशी असल्यामुळे उष्णता एका छोट्या ठिपक्यात साठते, त्यामुळे पाणी लावलं म्हणून त्याचं तापमान धाडकन खाली येईल असंही नाही. खरा फरक पडतो ग्राफिक्स कार्डला. आरटीएक्स 4070 टीआय सुपर 285 वॅटचं कार्ड आहे, रात्री ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा रेंडर लावला की तासन्‌तास तेवढंच ओढत राहणार, आणि माझा पीसी बेडरूममध्ये आहे. म्हणजे मला पाहिजे ती शांतता, बाकी हौस. हौसेला मोल नाही म्हणतात, पण मोल आहे, ते पुढे येईलच.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, पाणी आणि लाईट एका डब्यात कशाला घालतोयस?" प्रश्न अगदी बरोबर आहे. तिला सांगितलं की आपल्या पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म नावाचा सुपरकॉम्प्युटर आहे, 2019 पासून, त्यालाही थेट पाण्यानेच गार करतात. त्यावर ती म्हणाली, "त्यांच्याकडे माणसं असतात बघायला." आता यावर काय बोलणार.

तर मुद्दा असा की पाणी काहीही 'गार' करत नाही. पाणी फक्त उष्णता चिपवरून उचलतं आणि रेडिएटरपर्यंत नेऊन टाकतं, तिथून ती खोलीतल्या हवेतच जाते. त्यामुळे पाण्याचं तापमान खोलीच्या तापमानाच्या खाली कधीच जाणार नाही (म्हणून आत दव धरेल का, ही भीतीही सोडून द्या, ती चिलर लावणाऱ्यांची डोकेदुखी). लोक युरोपातल्या कोणाचा तरी व्हिडिओ बघतात, तिथे खोली 21 डिग्री, पाणी 31, आणि मग तेच आकडे धरून इथे रेडिएटर घेतात. माझ्या खोलीत मे महिन्यात एसी नसेल तर संध्याकाळी 36 सहज असतं. तिथून दहा डिग्री वर म्हणजे पाणी 46. लूपमध्ये वापरतात त्या डी5 पंपासाठी साधारण 60 डिग्रीच्या आत पाणी ठेवा असं सांगतात, पीईटीजी प्लास्टिकची कडक नळीही त्याच सुमाराला मऊ पडायला लागते, म्हणजे आपल्याकडे हातात उरतात जेमतेम 14 डिग्री. युरोपवाल्याकडे तीस. अख्खं प्लॅनिंग या एका फरकावर उभं आहे आणि याबद्दल कोणी बोलत नाही, सगळे आरजीबी लाइटबद्दल बोलतात.

आणि अजून एक, वॉटर कूलिंगने खोली गार राहते हा गैरसमज एवढा पक्का आहे की एका दुकानदारानेही मला तेच ऐकवलं. भिंतीतून 450 वॅट ओढले तर खोलीत 450 वॅटच येणार, पाणी असो वा पंखा. एक टनाचा एसी साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे त्याचा आठवा हिस्सा नुसता पीसीवर खर्च. महावितरणचं बिल येईल तेव्हा घरच्यांना काय सांगायचं ते अजून ठरवलं नाहीये.

आता हिशोब. कार्ड 285, प्रोसेसर धरा 100, पंप फुल स्पीडला वीसेक वॅट, म्हणजे चारशेच्या वर थोडं. पंखे हळू, हजार-अकराशे आरपीएमवर ठेवायचे असतील तर 120 मिमीच्या एका पंख्यामागे शंभर वॅट असा ढोबळ नियम लोक वापरतात, त्या हिशोबाने चार-पाच पंख्यांचा रेडिएटर पुरतो. मी सहा पंखे धरलेत, 360 मिमीचे म्हणजे तीन-तीन पंख्यांचे दोन रेडिएटर, एक वर आणि एक बाजूला, कारण वर सांगितलेले ते 14 डिग्री. पाणी हवेपेक्षा सात-आठ डिग्रीच वर राहिलं तर मे महिन्यातही पंखे ओरडणार नाहीत.

जाडीचा घोळ वेगळाच. रेडिएटर 30, 45, 60 मिमी असे येतात आणि जाड म्हणजे चांगला असं वाटतं, पण हळू फिरणाऱ्या पंख्याची हवा जाड रेडिएटरमधून नीट जातच नाही, शिवाय दाट फिन (धातूच्या पातळ पट्ट्या) असतील तर अजूनच नाही. म्हणून 30 वाले घेतोय. त्यात पंख्याचे 25 मिसळले की 55 मिमी, आणि ही 55 मिमीची लादी वरच्या बाजूला मदरबोर्डच्या व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) हीटसिंकला आणि रॅमला अडेल का हे कॅबिनेटच्या वेबसाइटवरून कळत नाही. मित्राकडे हेच कॅबिनेट आहे, लियान लीचं ओ11 डायनॅमिक ईव्हो, तर त्याच्याकडे खोके घेऊन गेलो. पार्सलच्या पुठ्ठ्याचे 400 बाय 120 चे तुकडे कापले, एकावर एक चिकटवून बरोबर 55 मिमी जाडी केली आणि वर सरकवून बघितली. रॅमच्या डोक्यावरून बसली, पण प्रोसेसरची 8-पिनची पॉवर वायर कोपऱ्यात अशी दाबली गेली की आधी वायर लावायची आणि मगच रेडिएटर बसवायचा हे तिथेच कळलं. रेडिएटरच्या ज्या टोकाला पोर्ट असतात तिथे फिटिंग आणि नळीचा वळसा यांना अजून जागा लागते, ती पुठ्ठ्यावर पेनाने गोल काढून मोजली. मित्राची बायको म्हणाली शाळेचा प्रोजेक्ट आहे का.

लूपमध्ये आधी काय आणि नंतर काय यावर लोक तावातावाने भांडतात. पंप, मग रेडिएटर, मग प्रोसेसर, मग दुसरा रेडिएटर, मग कार्ड, असं सगळं. गणित केलं तर भांडण संपतं. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल तर ते एक डिग्री तापायला साधारण 70 वॅट लागतात. माझ्या लूपमध्ये तीन लिटर धरलं तर 210 वॅटला एक डिग्री, म्हणजे 285 वॅटच्या कार्डातून बाहेर पडलेलं पाणी आत गेलेल्या पाण्यापेक्षा दीड डिग्रीही गरम नसतं. तेवढ्यासाठी नळ्या आडव्यातिडव्या फिरवण्यात अर्थ नाही, जी नळी जवळ पडेल ती लावा. फक्त एक गोष्ट पक्की, टाकी पंपाच्या वर किंवा लागूनच पाहिजे, पंप कोरडा फिरला की गेला.

पंख्यांचा स्पीड प्रोसेसरच्या तापमानावर ठेवायचा नाही, पाण्याच्या तापमानावर ठेवायचा. प्रोसेसर ब्राउझर उघडला तरी दहा-पंधरा डिग्री उडी मारतो आणि पंखे उगाच वर-खाली करत बसतात, पाणी मात्र सावकाश तापतं. त्यासाठी नळीच्या फिटिंगसारखा बसणारा सेन्सर मिळतो, त्याची दोन पिनची वायर मदरबोर्डला लावायला जागा पाहिजे, ती सगळ्या बोर्डवर नसते. मदरबोर्ड निवडताना मी आधी ही पिन शोधली, मग बाकीचं. पंपाची स्पीडवाली वायर सीपीयू फॅनच्या जागी लावणार, म्हणजे पंप बंद पडला तर बोर्ड स्वतःच बोंब मारेल.

कडक नळी की मऊ नळी? फोटोत कडक नळीला तोड नाही. पण त्याला हीट गन, आत घालायची सिलिकॉनची दोरी, करवत, कडा घासायचं हत्यार, आणि फुकट जाणाऱ्या नळ्यांचा वेगळा खर्च, आणि पुढच्या वर्षी कार्ड बदललं की सगळं पुन्हा. मी काळी ईपीडीएम रबराची नळी घेतोय, आतून 10, बाहेरून 16 मिमी. पारदर्शक मऊ नळीतून प्लास्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन) सुटून ब्लॉकच्या, म्हणजे चिपवर बसणाऱ्या आणि आतून पाणी वाहणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या, बारीक खाचांत चिकट थर बसतो, ईपीडीएमला ती भानगड नाही. आत काय वाहतंय ते दिसणार नाही हे खरं, पण मला दाखवायचंय कोणाला. ते दुधाळ रंगाचे कूलंट तर लांबच ठेवलेत, भरल्यावर सोलकढीसारखे देखणे दिसतात आणि काही महिन्यांनी त्यातला रंग तळाशी आणि खाचांत बसतो. साधं पारदर्शक तयार कूलंट, ज्यात गंज आणि शेवाळ दोन्हीसाठी औषध आधीच असतं, बस. घरच्या आरओचं पाणी चालेल का असं दोघांनी विचारलं, नाही चालणार, त्यात क्षार असतातच. आणि डिस्टिल्ड वॉटर वीज वाहत नाही म्हणून गळलं तरी काही होत नाही, हेही नव्या बाटलीपुरतंच खरं. लूपमध्ये फिरून धातूचे आयन उचलले की ते वीज वाहायला लागतं.

धातूंची काळजी याच्याही वरची. ब्लॉक तांब्याचे किंवा निकेल चढवलेल्या तांब्याचे असतात, त्यांच्यासोबत ॲल्युमिनियम त्याच पाण्यात आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ऑनलाइन स्वस्तात दिसणारे रेडिएटर बऱ्याचदा ॲल्युमिनियमचेच असतात, आणि जुन्या एआयओचा (कंपनीतून पाणी भरून बंद येणारा तयार कूलर) रेडिएटर काढून वापरू असं डोक्यात असेल तर तोही बहुतेक ॲल्युमिनियमचाच. वर्णनात तांबं किंवा पितळ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते पान मी बंद करतो.

मोल म्हणत होतो ते इथे आहे. पंखे नाही, ब्लॉक नाही, खिसा कापतात त्या फिटिंग. प्रोसेसर ब्लॉक, कार्ड ब्लॉक, दोन रेडिएटर आणि पंप-टाकी, अशा पाच वस्तू, प्रत्येकाला दोन, झाल्या दहा. मग 90 अंशात वळणाऱ्या तीन-चार, आणि पाणी काढायला सगळ्यात खाली एक टी आणि बॉल व्हॉल्व्ह. चांगल्या ब्रँडची एक फिटिंग आठशे-हजाराला पडते, करा हिशोब. ड्रेनचा व्हॉल्व्ह खर्च वाचवायला गाळतात लोक आणि मग कूलंट बदलायच्या दिवशी कॅबिनेट बाथरूममध्ये उलटं करतात. मी 360 चा एक बाजूचा पंखा कमी करेन पण व्हॉल्व्ह सोडणार नाही. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तापकीर गल्लीत चौकशी केली, पंखे, वायर, थर्मल पेस्ट सगळं मिळतं, पण जी 1/4 चूडीच्या (आट्यांचं माप) फिटिंग म्हटल्यावर मला प्लंबिंगच्या दुकानाचा रस्ता दाखवला.

कार्डाचा ब्लॉक हा सगळ्यात नाजूक निर्णय. तीच चिप असलेली वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं आतून वेगळी असतात, कपॅसिटर दोन मिमी इकडेतिकडे असला तरी ब्लॉक बसत नाही. म्हणून कार्ड घेऊन मग ब्लॉक शोधायचा नाही, ब्लॉक कुठल्या मॉडेलला मिळतोय ते बघून कार्ड घ्यायचं. मूळ कूलर काढला तर वॉरंटी राहते का हेही ईमेलवर लेखी विचारून ठेवलंय, फोनवर मिळालेलं "हो सर" पुढे कामाला येत नाही.

जोडणी झाल्यावर लगेच पाणी भरायचं नाही. आधी हवेचा लीक टेस्टर लावून अर्ध्या बारच्या आसपास दाब भरायचा आणि अर्धा तास काटा हलतोय का बघायचं. मग फक्त पंपाला वीज द्यायची, बाकी सगळ्या वायर काढलेल्या. पॉवर सप्लायच्या 24-पिनमध्ये पूर्वी हिरवी आणि काळी वायर जोडायचे, आता सगळ्याच वायर काळ्या येतात म्हणून तयार जंपर घेणार. प्रत्येक जोडाखाली टिश्यू, थोडं भरायचं, पंप थोडा फिरवायचा, पुन्हा भरायचं, आणि कॅबिनेट चारी बाजूंनी कलवून बुडबुडे काढायचे. आणि ॲक्रिलिकची टाकी पुसायला ते आयसोप्रोपिल अल्कोहोल अजिबात घ्यायचं नाही, थर्मल पेस्ट काढायला ते हाताशीच असतं आणि हात तिकडेच जातो, पण ॲक्रिलिकला त्याने बारीक तडे जातात.

पुढच्या आठवड्यात पहिली ऑर्डर जाईल, दोन रेडिएटर आणि लीक टेस्टर. रेडिएटर आधी एवढ्यासाठी की आत सोल्डरिंगचा कचरा असतो, तो कोमट डिस्टिल्ड पाण्याने हलवून हलवून धुवावा लागतो, पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि ते काम सुट्टीच्या दिवशी घाई न करता करायचंय. बाथरूम अर्धा दिवस अडणार हे घरी अजून सांगितलेलं नाही.