सरपंचाची डिजिटल सही : माझा अनुभव

2022 च्या डिसेंबरात झालेल्या निवडणुकीत आमच्या बोरी नदीकाठच्या गावाने मला थेट सरपंच म्हणून निवडून दिले. ग्रामपंचायतीच्या खात्यात पंधराव्या केंद्रीय वित्त आयोगाच्या शिफारशीने मिळालेला निधी शिल्लक होता आणि विहिरीपासून टाकीपर्यंतची जुनी जलवाहिनी तीन ठिकाणी फुटलेली होती. पैसा आहे आणि कामही समोर आहे, तेव्हा उन्हाळ्याच्या आत पाणी सुरळीत होईल, अशा समजुतीत मी होते.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत मात्र बहुतेकांची मागणी गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवण्याची निघाली. या निधीतला 60 टक्के भाग बंधित होता, म्हणजे त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठीच वापरावा लागे. उरलेला 40 टक्के अबंधित असला, तरी त्यातून पगार किंवा कार्यालयाचा खर्च भागवता येत नसे. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी हे शांतपणे समजावले, तरी मागच्या रांगेतून "मग पैसा गावना कसा?" (म्हणजे, मग पैसा गावाचा कसा?) असा प्रश्न आलाच. प्रश्न रास्त होता. 73 व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींच्या निधीचा विचार करणे केंद्रीय वित्त आयोगाचे कर्तव्य ठरले, त्यामुळे हा पैसा कोणाच्या मेहेरबानीचा नाही. पण कशावर खर्च करायचा, हे बऱ्याच अंशी दिल्लीतच ठरून येते. आमच्या बाबतीत ते बंधन उपयोगी पडले, हेही मला मान्य करावे लागते, कारण एरवी जलवाहिनी आणखी एक वर्ष मागे पडली असती.

आधीच्या मंडळाच्या विकास आराखड्यात हे काम नव्हते, आणि आराखड्यात नसलेल्या कामावर ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या ऑनलाइन प्रणालीतून एक रुपयाही देता येत नाही. त्यामुळे ठराव करून ते नव्या वर्षाच्या आराखड्यात घेतले. पुढे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता आणि प्रत्यक्ष काम हे टप्पे विशेष अडथळा न येता पार पडले.

खरी अडचण बिलाच्या वेळी आली. आता धनादेश चालत नाही. ग्रामसेवक आणि सरपंच या दोघांच्या डिजिटल सह्या झाल्या, की रक्कम थेट ठेकेदाराच्या खात्यात जाई. माझी सही पेनड्राइव्हसारख्या एका टोकनमध्ये आली, पण प्रणालीत ती नोंदवलीच जाईना. माझ्या पॅन कार्डावर नावापुढे 'बाई' नाही आणि प्रणालीत भरलेल्या माहितीत ती होती, एवढेच कारण. फॉर्म माझ्या पुतण्याने भरला होता आणि त्याने आदरापोटी 'बाई' लावली होती! दुरुस्तीसाठी मी तालुक्याला चार खेपा घातल्या. त्यातल्या एका खेपेला आधीच्या सरपंचांची सही अजून बंद केलेली नसल्याचेही कळले. या काळात ठेकेदार दर दोन दिवसांनी दारात उभा राहून "ताई, पैसा उनात का?" (पैसे आले का?) असे विचारत असे.

अखेर एका दुपारी सेवा केंद्राच्या केंद्रचालक मुलाने टोकन संगणकाला लावले. भाऊसाहेबांची सही आधीच झालेली होती. मी पिन टाकताना त्या मुलाला तोंड फिरवायला सांगितले. त्याला ते लागले असावे, पण आधीचे सरपंच आपले टोकन आणि पिन दोन्ही त्याच्याच ड्रॉवरमध्ये ठेवत असत, हे मला ठाऊक होते. माझे टोकन त्या दिवसापासून घरी, गहू ठेवायच्या कोठीशेजारच्या कपाटात असते.