करारावर सही झाली, तरी चाळणी बाकी असते

ब्रिटनचा एक नियम आपल्याकडे असायला हवा, असं मनापासून वाटतं. परदेशाशी मुक्त व्यापार करार झाला की तो मंजुरीसाठी संसदेपुढे ठेवण्याआधी सरकारला लेखी द्यावं लागतं की प्राणी, पिकं, पर्यावरण आणि माणसाचं आरोग्य यांना कायद्याने दिलेलं संरक्षण शाबूत राहतंय का. २०२० च्या कृषी कायद्याचं हे ४२ वं कलम. त्यासाठी ‘ट्रेड अँड अ‍ॅग्रिकल्चर कमिशन’ या स्वतंत्र आयोगाचा सल्ला बंधनकारक आहे. माणसाच्या आरोग्याचा भाग तेवढा फूड स्टँडर्ड्स एजन्सी ही अन्नसुरक्षा पाहणारी सरकारी संस्था बघते.

खटकतो तो आयोगापुढचा प्रश्नच. करारामुळे ब्रिटनला आपला कायदा बदलावा लागेल का, हे आयोग तपासतो. ऑस्ट्रेलियाच्या कराराबद्दल २०२२ मध्ये उत्तर आलं: नाही. वाढीची हार्मोन दिलेल्या गुरांच्या मांसावरची बंदी कायम राहिली, हे खरंच. पण मेरिनो मेंढी घ्या. शेपटीखालच्या घड्यांत माशा अंडी घालतात, अळ्या जिवंत मांस पोखरतात, म्हणून तिकडे कोकराच्या मागच्या भागाची कातडी कापून काढतात. ब्रिटनमध्ये हे बेकायदा. तरी तशा मेंढीचं मटण ब्रिटनमध्ये विकता येतं, कारण सीमेवर मटण तपासतात, मेंढी कशी वाढवली ते नाही. वेल्सच्या मेंढपाळाला भाव किती मिळेल, हे तर आयोगाच्या कक्षेतच नाही.

ब्रिटन-युरोपात आपल्या मालाकडे मात्र संशयाने बघितलं की राग येतो. फवारणीच्या ज्या औषधाची तिथे वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश किलोला ०.०१ मिलिग्रॅमपर्यंतच चालतो, म्हणजे १०० टन द्राक्षांत १ ग्रॅम! नाशिकचा बागायतदार ती अट पाळतो. निर्यातीच्या द्राक्षांसाठीच्या ‘ग्रेपनेट’ या ऑनलाइन प्रणालीवर प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, काढणीआधी त्याच प्लॉटचा नमुना प्रयोगशाळेत. २०१० मध्ये खरड छाटणीनंतर वेलीची वाढ रोखायला वापरलेल्या लिहोसिन या औषधाचा अंश मण्यांत उतरला आणि कंटेनर युरोपात अडकले. चूक आपली होती, पण ती सुधारलीही आपणच.

२४ जुलै २०२५ ला सही झालेल्या भारत-ब्रिटन करारालाही हेच ४२ वं कलम लागू आहे. आपण दुग्धजन्य पदार्थ आणि सफरचंदं आयात शुल्काच्या सवलतीबाहेर ठेवली, ते योग्यच केलं. पुढच्या करारात ती तशीच राहतील का, हे तपासणारा असा आयोग आपल्याकडे नाही, आणि करार मंजुरीसाठी संसदेपुढे ठेवण्याची सक्तीही नाही.