भुसावळचा मे आणि ड्रोन हुडकणारे सेन्सर

भुसावळला मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यावर विसंबू नये. तापलेली जमीन आणि ड्रोनची मोटर यांत फारसा फरक उरत नाही. कॅमेरा आकाशाकडे रोखला तर जरा बरं.

रडारचं गणित निराळं. लक्ष्याचं परावर्तन क्षेत्र, म्हणजे रडारला ते केवढं दिसतं ते माप, 10,000 पट घटलं की पल्ला एक दशांश उरतो. शिवाय रडारवर घार आणि ड्रोन सारखेच दिसतात. फिरत्या पात्यांचा सूक्ष्म डॉप्लर, म्हणजे पात्यांमुळे परतीच्या लहरींच्या वारंवारतेत होणारा बारीक बदल, तपासला तरच उलगडा होतो. केळीच्या बागांआडून खालून येणाऱ्यासाठी अँटेना उंचावरच हवा.

रेडिओ सेन्सर ड्रोनच्या रेडिओ संदेशांसाठी 2.4 आणि 5.8 गिगाहर्ट्झवर कान लावतो. पण मागे ऑप्टिकल फायबरची तार उलगडत, तिच्यावरूनच हुकूम घेत येणारा ड्रोन त्याच्या लेखी नसतोच! ड्रोनचा आवाज टिपणारा मायक्रोफोन? पल्ला काहीशे मीटर, तेही वारा पडलेला असेल तर.