तुम्ही विचारलंत म्हणून: वादळ येणार हे आधी कळतं, मग निघून का जात नाही?

गणपती उठले की आमचे फोन वाजायला लागतात. टीव्हीवर फ्लोरिडाचा नकाशा दिसतो, शेजारच्या निळ्या समुद्रात पांढरा भोवरा फिरत असतो, आणि श्रीवर्धनहून मावशी, पुण्याहून नणंद, ठाण्याहून शाळेतल्या मैत्रिणी सगळ्यांचा एकच प्रश्न: "अगं, तुम्हाला आठ-आठ दिवस आधी कळतं. मग निघून का नाही जात?" २०२४ साली हेलीन आणि मिल्टन ही दोन वादळं पाठोपाठ आली, तेव्हापासून तर फारशी ओळख नसलेली माणसंही हेच विचारतात. फोनवर मी "आम्ही बरे आहोत, काळजी करू नका" म्हणते आणि विषय संपतो. पण प्रश्न मनापासून विचारलेला असतो, म्हणून त्याचं उत्तर नीट लिहायचं ठरवलं.

आम्ही निघून जातो, ज्यांनी जायला हवं ते जातात. पण जायचं असतं ते पाण्यापासून, वाऱ्यापासून नव्हे. इथे लहान मुलांनाही पाठ असलेलं वाक्य आहे: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. आमचं सगळं गणित या वाक्यावर चालतं.

आम्ही राहतो टॅम्पाला, फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर. तिथली खाडी म्हणजे टॅम्पा बे, आणि तिच्या काठची सगळी वस्ती ए ते ई अशा झोनमध्ये वाटलेली आहे. ए म्हणजे ज्यांच्या दारात समुद्राचं पाणी सगळ्यांत आधी येणार ते. वादळ किती फूट पाणी लोटेल याचा अंदाज आला की काउंटी, म्हणजे इथलं जिल्हा प्रशासन, कुणी निघायचं ते जाहीर करते: आज ए, उद्या ए आणि बी. आमचं घर शहराच्या उत्तरेला, खाडीपासून बरंच आत, कुठल्याच झोनमध्ये येत नाही. शिवाय ते नव्या नियमांनी बांधलेलं आहे. १९९२ साली अँड्र्यू वादळाने मायामीच्या दक्षिणेकडची घरं पत्त्यांसारखी उडवली, त्यानंतर फ्लोरिडाने बांधकामाचे नियम कडक केले आणि २००२ पासून ते राज्यभर लागू झाले. छप्पर लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडलेलं असतं, खिडक्यांना शटर बसवता येतात. असं घर वारा सोसतं. भिंतीला घासून चार फूट पाणी उभं राहिलं, तर मात्र कुठलंच घर माणसाला वाचवत नाही.

आता समजा, आमच्यासारखी सुरक्षित घरातली माणसंही घाबरून गाडी काढून निघाली. फ्लोरिडा हा समुद्रात शिरलेला लांबट चिंचोळा प्रदेश. बाहेर पडायचं तर उत्तरेलाच, आणि मोठे रस्ते दोन-तीन. २०१७ साली इर्मा आलं तेव्हा साठ लाखांहून अधिक लोकांना घर सोडायला सांगितलं होतं. रस्ते तुंबले, पंपांवरचं पेट्रोल संपलं. त्याहून वाईट म्हणजे आधी ते मायामीवर येणार असं वाटत होतं, म्हणून तिकडचे कितीतरी लोक पश्चिम किनाऱ्याला आले, आणि वादळही वळून इकडेच आलं. त्याआधी २००५ साली टेक्सासमध्ये रीटा वादळाच्या वेळी तर वादळापेक्षा पळापळीत जास्त माणसं गेली. वृद्धाश्रमातल्या लोकांना घेऊन निघालेली एक बस डॅलसजवळ पेटली आणि २३ जण त्यात गेले. आम्ही विनाकारण रस्त्यावर उतरलो तर ए झोनमधल्या कुणाची तरी वाट अडवतो, हे इथे राहून कळलं.

"आठ दिवस आधी कळतं" हेही तितकंसं खरं नाही. कळतं ते एवढंच की काहीतरी येतंय. राष्ट्रीय हरिकेन केंद्राचा अंदाज दिवसातून चारदा येतो, पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११. त्या दिवसांत आमचं घड्याळ याच वेळांवर चालतं. नकाशावर जो फुगत जाणारा शंकू दाखवतात, तो वादळाचा केंद्रबिंदू कुठे जाऊ शकेल याचा असतो, आणि तीनातल्या एका वेळी केंद्र त्याच्याही बाहेर जातं. वारा आणि पाणी किती दूर पोचेल हे तो शंकू सांगतच नाही. २०२२ साली इयनची तयारी आम्ही टॅम्पात केली. २८ सप्टेंबरला ते शंभरेक मैल दक्षिणेला कायो कोस्टा बेटावर धडकलं. फोर्ट मायर्स बीचवर दहा ते पंधरा फूट पाणी चढलं आणि फ्लोरिडात दीडशेच्या आसपास माणसं गेली. आमच्याकडे फांद्या पडल्या, तेवढंच.

हेलीनचं उलट झालं. २६ सप्टेंबर २०२४, पितृपक्ष चालू होता. वादळ आमच्यावर आलंच नाही. ते शंभरेक मैल दूर, समुद्रातून उत्तरेकडे गेलं आणि रात्री उशिरा पेरी गावाजवळ जमिनीवर चढलं. आमच्या अंगणात वाऱ्याने फारसं काही मोडलं नाही. पण आपल्या उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं. ते किनाऱ्याच्या पश्चिमेकडून गेलं की वारा दक्षिणेकडून येतो आणि समुद्र खाडीत कोंबतो. टॅम्पा बे उथळ, सरासरी बारा फुटांच्या आसपास खोल. कोंबलेल्या पाण्याला खाली जायला जागा नाही, मग ते वर चढतं आणि रस्त्यांवर येतं. त्या रात्री १९८५च्या एलेना वादळातले पाण्याच्या उंचीचे आकडे मागे पडले. खाडीपलीकडच्या पिनेलस काउंटीत माणसं स्वतःच्या घरात बुडून गेली. वादळ दूरून जाणार होतं, आणि "एवढ्यासाठी कुठे जायचं?" असं वाटून कितीतरी जण थांबले होते. हे आठवलं की अजून पोटात तुटतं.

आमची एक मैत्रीण तिथल्याच सेंट पीटर्सबर्ग शहरातल्या शोअर एकर्स वस्तीत, म्हणजे अगदी ए झोनमध्ये राहते. ती त्या दुपारीच नवरा, मुलगी आणि कुत्रा घेऊन आमच्याकडे आली होती. सगळं मिळून तासाभराचा रस्ता. तिने गाव सोडलं नाही, पाणी सोडलं. पूल ओलांडायचे असतात म्हणून दुपारी, कारण वारा ताशी चाळीस मैलांच्या वर गेला की पूल बंद होतात आणि मग मनात असूनही निघता येत नाही.

पाणी ओसरल्यावर आम्ही तिच्या घरी आवरायला गेलो. आतल्या भिंतींवर मांडीच्या वर एक तपकिरी रेघ सरळ पट्टीने मारल्यासारखी सगळ्या खोल्यांतून गेली होती. फ्रिज तरंगून आडवा पडला होता, त्यामुळे स्वयंपाकघराचं दार उघडेना. खालच्या कप्प्यातले स्टीलचे डबे वरून कोरडे दिसत होते, पण झाकणं उघडली तर कणकेचा लगदा आणि त्यावर खाऱ्या पाण्याचा वास. तिच्या वडिलांची पेटी जमिनीवरच राहिली होती. लाकूड फुगून पट्ट्या एकमेकींत रुतल्या होत्या, भाता उघडला तर आतून वाळू आली. बाहेरून ती तशीच चकचकीत होती. तिने दोन वेळा ती पुसली आणि मग स्वतःच उचलून रस्त्याकडेच्या ढिगावर नेऊन ठेवली. त्यानंतर आम्ही भिंतीचे जिप्समचे तक्ते चार फुटांपर्यंत कापायला घेतले, कारण ओली भिंत राहिली की चार दिवसांत बुरशी धरते.

गल्लीत प्रत्येक दारासमोर असे ढीग होते, गाद्या, सोफे, कपाटं. ते उचलून व्हायच्या आत, दोन आठवडेही झाले नव्हते, मिल्टन आलं. ७ ऑक्टोबरला ते ताशी १८० मैल वाऱ्याचं, पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं वादळ होतं आणि टॅम्पा बेला दहा ते पंधरा फूट पाण्याचा इशारा होता. ढिगातली प्रत्येक वस्तू वाऱ्यात दगडासारखी उडणार, म्हणून रात्रंदिवस ट्रक फिरत होते. घरी नवरात्राचे घट बसले होते, गहू वीतभर वर आले होते. मैत्रिणीचं कुटुंब आमच्याकडेच होतं, आणखी एक कुटुंब आलं. आम्ही टब पाण्याने भरले, बाहेरचं सगळं गॅरेजमध्ये घेतलं, माणशी रोजचं एक गॅलन पाणी मोजून ठेवलं. फ्रीजरमध्ये एक वाटी पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवलं. लाइट जाऊन परत आले आणि नाणं बर्फात खाली रुतलेलं दिसलं, तर आतलं सगळं वितळून पुन्हा गोठलंय, ते खायचं नाही. ही युक्ती शेजारच्या आजींनी शिकवली.

९ ऑक्टोबरच्या रात्री ते तिसऱ्या श्रेणीचं होऊन सिएस्टा कीवर, खाडीच्या दक्षिणेला, जमिनीवर आलं. दक्षिणेला आलं म्हणून आमच्याकडचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता आणि खाडीचं पाणी आत येण्याऐवजी ओढलं गेलं. हे वादळ थोडं उत्तरेला लागतं तर काय झालं असतं, याचा विचार इथे कुणीही मोठ्याने करत नाही. आम्ही सगळे मधल्या बिनखिडकीच्या बोळात गाद्या टाकून बसलो होतो. वारा ओरडत नाही, तो दाबतो. दारं चौकटीत आत-बाहेर होतात, कानात दडे बसतात. नऊच्या सुमाराला शेजारच्या खोलीतल्या खिडकीच्या फटीतून हिरवट-निळा प्रकाश लखलखला, दूरचा ट्रान्स्फॉर्मर उडाला, आणि लाइट गेले. राज्यात तीस लाखांहून जास्त जोडण्या बंद पडल्या. सेंट पीटर्सबर्गमध्ये अठरा इंचांहून अधिक पाऊस झाला, बेसबॉल स्टेडियमच्या छपराच्या चिंध्या झाल्या.

आणि "लांब निघून जा" म्हणणाऱ्यांसाठी सांगते: मिल्टनच्या दिवशी सेंट लूसी काउंटीत, म्हणजे पार पलीकडच्या पूर्व किनाऱ्यावर, त्याच्याच पावसाच्या पट्ट्यांतून उठलेल्या टॉर्नेडोंनी माणसं मारली. हेलीनने सर्वांत जास्त बळी घेतले ते नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत, अ‍ॅशव्हिलच्या परिसरात. समुद्रापासून शेकडो मैल आत, नद्यांच्या पुराने. आमचा नियमही सगळीकडे पुरत नाही. मिल्टननंतर हिल्सबरो नदी दिवसेंदिवस चढत राहिली आणि कुठल्याच झोनमध्ये नसलेल्या काही वस्त्यांत पाणी शिरलं. म्हणून मी आता झोनच्या नकाशाबरोबर नदीचा नकाशाही बघते.

ज्यांना जाता येत नाही त्यांच्याबद्दल मात्र विचारायला हवं. समुद्राकाठचे सगळे श्रीमंत असतात असं तिकडे वाटतं. तसं नाही. पत्र्याच्या मोबाइल होममध्ये राहणारे बरेचसे निवृत्त, एकटे, बेताच्या पेन्शनवरचे. त्यांना झोन कुठलाही असला तरी निघावंच लागतं, कारण ते घर वारासुद्धा सोसत नाही. हॉटेलला पैसे नसतात, तेव्हा शाळेतलं शेल्टर. ऑक्सिजनवर असलेल्यांसाठी वेगळी शेल्टर असतात, पण त्यासाठी नाव आधी नोंदवावं लागतं, आणि ते कितीजणांना माहीतच नसतं. पुराचा विमाही घराच्या विम्यात येत नाही. तो वेगळा घ्यावा लागतो आणि साधारणपणे महिनाभरानंतर लागू होतो, म्हणजे वादळ दिसल्यावर घेऊन उपयोग नाही. आपल्या मराठी मंडळींतल्या नवीन आलेल्यांना मी हे जूनमध्येच सांगते, ऐकायचा कंटाळा आला तरी. आपण कोकणातली माणसं नारळी पौर्णिमा झाली की समुद्र शांत झाला असं धरून चालतो. इथे वादळांचा ऐन भर त्यानंतरच असतो, गणपती ते नवरात्र.

खरं तर मावशीला हे सगळं ठाऊक आहे. ३ जून २०२० ला निसर्ग आलं ते श्रीवर्धनच्याच बाजूला. बंदरावर बावटा लागला, आणि किनाऱ्यालगतच्या, कच्च्या घरांतल्या लोकांना प्रशासनाने शाळांत हलवलं. तालुका सोडून कुणी पुण्याला पळालं नाही. पक्क्या घरातली माणसं घरात राहिली. मावशीकडची कौलं उडाली, वाडीतल्या पोफळी मधोमध मोडल्या, आणि पोफळ पुन्हा धरायला किती वर्षं लागतात हे तिला मी सांगायला नको. पण घरातली माणसं वाचली. आम्ही इथे तेच करतो.

तेव्हा पुढच्या वेळी फ्लोरिडातल्या आपल्या माणसाला "निघून का नाही जात?" असं नका विचारू. विचारा, "तुझा झोन कुठला? पाणी किती फूट सांगितलंय? कुणाकडे जाणार आहेस?" आणि हे मेसेजवर विचारा, फोनची बॅटरी त्या दिवसांत जपून वापरावी लागते. उत्तर "कुठलाच नाही" असं आलं, आणि घर पक्कं व नदीपासून लांब असेल, तर निश्चिंत झोपा. "ए" आलं आणि पुढे "बघू, रात्री ठरवू" असं आलं, तर मात्र बॅटरीची पर्वा करू नका. फोन लावा, रागवा, हवं तर रडा, पण पूल बंद व्हायच्या आत त्याला गाडीत बसवा.